आमचे इवाई आणि पाण्याची नळी

खिडकीत इवायांचं तोंड होतं आणि ते लांब जात नव्हतं. आमची घरगाडी उताराला लागली होती. आत आम्ही दोघी म्हाताऱ्या, आणि इवाई बाहेर, गाडीच्या पुढं, तिची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी मागं रेटत, टाचा मुरमात रोवत, उलट्या पावलांनी तळ्याकडं सरकत होते. गाडी जेवढी पुढं येत होती तेवढेच ते मागं जात होते, म्हणून काचेत त्यांचं तोंड एका जागी चिकटवल्यासारखं दिसत होतं. मोठं होत होतं ते त्यांच्या मागचं पाणी. ट्रॅक्टर सोडून लांब बाभळीखाली नेलेला. माझ्या मागं खाटेवर अक्का, म्हणजे इवायांची बायको. त्यांच्या खुब्याचं हाड मोडून आत सळई घातलेली, धरल्याशिवाय त्यांना उठता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "ईनबाई, पाणी जवळ यायलंय का हो?" मी म्हणाले, "व्हय." खोटं बोलून काय उपयोग होता?

इवाई म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. व्याह्याला आमच्याकडं इवाई म्हणतात आणि विहिणीला ईनबाई. पृथ्वी गोल आहे हे इवायांना मान्य आहे, पण ते तिच्यावर उपकार केल्यासारखं. तिच्यावर ठेवलेली प्रत्येक वस्तू मात्र सपाट बसली पाहिजे, असा हट्ट धरणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही आणि सत्तरी ओलांडल्यावर आता दिसेल असंही नाही. जन्मभर त्यांनी ढोकीच्या आसपास गवंडीकाम केलं. काम सुटून कितीतरी वर्षं झाली तरी गावातून चालताना ते माणसांना नंतर आणि घरांना आधी ओळखतात. हे मागनं बसलेलं, ते डावीकडं झुकलेलं, त्या तिकडच्याचा उंबरा तिरका. एखाद्याच्या घरी मयताला गेले तरी रडून झाल्यावर भिंतीला तळहात लावून बघतात.

माझी लेक बघायला आले तेव्हाची गोष्ट. ओसरीवर बसले, चहाची बशी फरशीवर ठेवली आणि मान वाकडी करून तिच्यात बघत राहिले. पोरगी पोहे घेऊन आली, बसली, नाव सांगितलं, तरी ह्यांचं लक्ष बशीत. मी दाराआड उभी. शेवटी म्हणाले, "ईनबाई, तुमची वसरी दाराकडनं बोटभर बसलीय." सोयरीक अजून जुळली नव्हती आणि मला ईनबाई म्हणून मोकळे. मी म्हणाले, "वसरी बघाया आलाव का पोरगी?" तर म्हणतात, "पोरगी पसंत हाय म्हणूनच वसरीचं बोलायलोय. परक्याच्या घराला कोण नाव ठिवतंय?" लग्नातही तेच. अंतरपाट धरलेला, अक्षता वाटलेल्या, आणि हा माणूस मांडवात ओणवा होऊन नवऱ्याच्या पाटाखाली खापराचा तुकडा सारतोय. भटजी ओरडले, मुहूर्त टळतोय म्हणून. इवाई खालूनच म्हणाले, "टळू द्या. मुहूर्त काय डुलत न्हाय, पाट डुलायलाय." लेकीचा संसार आजवर डुगडुगला नाही हे खरं, पण त्याचं श्रेय त्या खापराला द्यायला मी तयार नाही.

जेवायला बसले की ताटातलं वरण कुणीकडं पळतं ते आधी बघायचे. आमच्या घरात त्यांना चालणारी एकच फरशी आहे, देवळीखालची. तिथं कुणी बसलेलं असलं की ते उभे राहायचे, मग तो जावई असो नाहीतर सरपंच. त्यांच्या खांद्यावर उपरण्यासारखी एक नळी असायची, गवंड्यांची असते ती, आरपार दिसणारी, आत पाणी भरलेली. एक टोक ह्या कोपऱ्याला धरायचं, दुसरं त्या कोपऱ्याला. दोन्हीकडं पाणी एकाच उंचीला थांबतं, त्यावरून कुठली बाजू खाली आहे ते कळतं. एकदा त्या नळीवरून हात फिरवत मला म्हणाले, "ईनबाई, हिनं मला जन्मात फसवलं न्हाय." आतून अक्का म्हणाल्या, "म्हंजी म्या फसवलं व्हय?" "तुज्या बापानं तुजं वय दोन वर्सं कमी सांगितलं हुतं." "आणि तुमच्या बापानं तुमाला शाना म्हणून सांगितलं हुतं." दोघांचं असं दिवसभर चालायचं, आणि मधल्या मधे माझा चहा थंड व्हायचा.

मग अक्का न्हाणीत पडल्या. दवाखान्यात सळई घातली. इवायांनी पहिल्याच दिवशी खाटेच्या एका पायाखाली वर्तमानपत्राची घडी घातली. नर्सबाईनं काढली. त्यांनी परत घातली. नऊ दिवस हेच. नर्सबाई म्हणाली, "आजोबा, हा दवाखाना आहे." "म्हणून तर," इवाई म्हणाले, "घरी असतं तर फरशी उकलली असती." मला त्या पोरीची कीव आली. मी त्यांना बाहेर घेऊन झापलं, की बायको हाडानं बेजार आणि तुम्ही खाटेचे पाय कसले मोजायलाव? माझं ऐकून घेतलं आणि आत गेले. घडी मात्र तिथंच राहिली.

घरी आल्यावर अक्कांनी एकच धरलं. माहेरी जायचं. आता त्यांचं माहेर कुठं, तर ईट गावाच्या पुढं डोंगराकडं, आणि तेही तळ्याखाली. तलाव झाला तेव्हा वस्ती उठली, भाऊ पांगले, पुढं वारले. उतरायला घर नाही आणि या म्हणायला माणूस नाही. मी स्पष्ट सांगितलं, "अक्का, तिथं आता मासे राहतेत." त्या म्हणाल्या, "राहू द्या. काठावरनं बघीन. एक रात तिथं निजीन." ज्या बाईला दोघांनी धरून बसवावं लागतं ती तळ्याकाठी कशी निजणार? मी विषय संपला म्हणून घरी आले. इवायांनी मात्र उसाची एक जुनी दोनचाकी ट्रॉली पैदा केली, वेल्डिंगवाल्याच्या दारात चार महिने बसून तिच्यावर पत्र्याची खोली उभी केली. मागं दार, पुढं मोठी काच, लांबीला खाट, खाटेला दोन्ही अंगानं धरायला नळ्या, कोपऱ्यात पडद्याआड संडासची खुर्ची. गाव हसलं. "म्हातारबा, सर्कस कवा सुरू हुतीय?" विचारायचे. इवाई म्हणायचे, "तुज्या घराची भिंत पडंल त्या दिशी." पुढच्या दांडीखाली त्यांनी एक लहान चाक बसवून घेतलं, अंगणात गाडी हातानं ढकलता यावी म्हणून. त्या चाकाचं त्यांना फार कौतुक होतं. येईल त्याला पिन काढून चाक कसं दुमडतं आणि पिन घालून कसं उभं राहतं ते दाखवायचे. मीच ते सात वेळा पाहिलं.

निघालो चौघं. जावई ट्रॅक्टरवर, इवाई त्याच्या शेजारी, आम्ही दोघी आत. मी गेले कारण अक्कांना खुर्चीवर बसवायला बाईमाणूस लागतं आणि माझ्या लेकीला शाळेतून सुट्टी नव्हती. हौस म्हणून गेले असं कुणी समजू नये. आता इवायांची एक सवय सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं. त्यांच्या बापाची बैलगाडी होती, आणि त्या घरचा नियम असा की मुक्कामाला पोचलं की आधी बैल सोडायचे, मग माणसांनी उतरायचं. जनावराच्या मानेवर जू ठेवून माणसानं घोटभर पाणीसुद्धा प्यायचं नाही. हा नियम इवाई ट्रॅक्टरलाही लावतात. कळंबला चहाला थांबलो तर भर रस्त्याच्या कडेला आधी ट्रॅक्टर सोडायला लावला. मागं एसटी बोंबलत होती. ड्रायव्हर म्हणाला, "ओ आजोबा, चारा पण टाकता का आता?" इवाई शांतपणे म्हणाले, "पाजून आणलाय." तिथं जमीन सपाट होती म्हणून काही झालं नाही, आणि काही झालं नाही म्हणून कुणाला काही सुचलं नाही.

तळ्याशी पोचलो तेव्हा दिवस अजून दोन-तीन हात वर होता. मुरमाड माळ, हळूहळू पाण्याकडं उतरत गेलेला. अक्कांना निजल्या निजल्या पाणी दिसावं म्हणून गाडीचं तोंड तळ्याकडं केलं. जावई म्हणाला, "बाबा, आधी चाकाला दगड लावू." इवाई म्हणाले, "पाच घंटे राबलंय ते, त्याला तसंच ताटकळत ठिवून दगड हुडकीत बसू व्हय?" "बाबा, ट्रॅक्टर हाय ओ." "मग? राबला न्हाय का?" जावयानं गुमान दांडीखालचं चाक उभं केलं, ट्रॅक्टरच्या जोडाची पिन ओढली आणि ट्रॅक्टर बाभळीखाली नेला. बैलगाडीत ह्यात काही चूक नाही. बैल सुटले की ती पुढं वाकते, जू जमिनीला टेकतं आणि गाडी जागेला बसते. इवायांच्या हाताला साठ वर्षं तीच सवय. पण ह्या गाडीची दांडी जमिनीला टेकणारच नव्हती. तिच्याखाली ते कौतुकाचं चाक होतं. इवाई नळी सोडवत होते, कुठल्या कोपऱ्यापासून सुरुवात करावी ते बघत होते, आणि गाडी आवाज न करता निघाली.

तर मी सांगत होते ते खिडकीतलं तोंड. त्या तोंडावर भीती नव्हती, राग होता, आणि तो गाडीवर नव्हता हे मला काचेतून कळत होतं. मी मधल्या जागेत तांब्या भरत होते, तो टाकला आणि खाटेच्या नळीला धरलं. जावई लांबून ओरडत पळत येत होता. तो पोचणार नाही हे दिसत होतं. इवायांच्या मागं ओला गाळ सुरू झाला. त्यांनी एक हात दांडीवरून काढला. मला वाटलं हा माणूस आता बाजूला उडी मारतोय, आणि खरं सांगते, मला वाटलं मारावी. एक तरी वाचेल. पण ते खाली वाकले. चाकाची पिन उपटली. चाक दुमडलं आणि दांडी धाडकन खाली आली. नांगरासारखी मुरमात घुसली, चार हात फरफटली आणि थांबली. गाडी नाकावर आपटल्यागत पुढं वाकली. पिठाचा डबा, स्टोव्ह, पाण्याची घागर, सगळं माझ्या अंगावर आलं, आणि त्यामागून अक्का. त्यांचे दोन्ही पाय माझ्या पोटात बसले. मी पाठ पुढच्या पत्र्याला लावली आणि त्यांना तशीच तोलून धरली. मग बाहेरून, जमिनीच्या पातळीवरून इवायांचा आवाज आला, "ऐकती का? कलली का तू?"

दांडीखाली त्यांचा उजवा पाय होता.

पाणी तिथून सहा पावलांवर. जावयानं आधी दोन्ही चाकांपुढं दगड लावले, तेही इवायांनीच पडल्या पडल्या सांगितलं, कुठला दगड आणि कुठल्या अंगानं. मग जॅकनं दांडी चार बोटं उचलून पाय ओढून काढला. चप्पल आत राहिली. मी अंथरुणाच्या वळकट्या अक्कांच्या पायाशी कोंबल्या आणि मागच्या दारानं उतरले. ते दार आता माझ्या छातीइतकं उंच गेलं होतं. तिथून अक्कांना खाली घेणं जमणार नव्हतं, खुब्याचं हाड पुन्हा मोडलं असतं. ट्रॅक्टर लावून गाडी मागं घ्यावी तर दांडी पाण्याच्या बाजूला, तिथं गाळात ट्रॅक्टरच रुतला असता. जावयानं ईटला फोन केला. एक पिकअप निघाली, पण अर्धा तास तरी लागणार होता. अक्का आत खाटेच्या नळ्यांना लोंबकळून होत्या. "म्या हाय ठीक," त्या म्हणत होत्या, पण आवाज दात दाबून काढलेला. हात सुटले तर सगळा भार त्या खुब्यावर येणार होता.

इवाई म्हणाले, "ईनबाई, नळी आणा."

मी म्हणाले, "इवाई, तुमचा पाय काळा पडायलाय."

"पायाला लेवल लागत न्हाय. नळी आणा."

मग अर्धा तास जे चाललं तसं काम मी आधी कधी केलं नव्हतं. जावई जॅकवर. इवाई चाकाशेजारी मुरमात आडवे, नळीचं एक टोक गाडीच्या मागच्या कोपऱ्याला लावून. दुसरं टोक पुढच्या कोपऱ्याला आखलेल्या खुणेच्या रेघेला धरून मी पुढं, गाडी आणि पाणी ह्यांच्या मधे. दगड सरकले असते तर गाडी आधी माझ्यावर आली असती. मी काही शूर नाही. तिथं उभं राहायला दुसरं कुणी नव्हतं. जॅकचा दांडा ओढला की दरवेळी वर पत्रा कुरकुरायचा, चाकापुढचा दगड दाण्याएवढा हलायचा, आणि जावई हात थांबवून दगडाकडं बघायचा. दांडीखाली एकेक वीट जात होती. इवायांनी घरून सोळा विटा आणल्या होत्या आणि त्यावरून मी सकाळी त्यांना वेडा म्हणाले होते.

"अजून एक बोट. थांब. ईनबाई, टोक हलवू नका."

"म्या हलवत न्हाय. हात थरथरतेत."

"मग ते थांबवा."

"तुमी उठून थांबवा की!"

आतून अक्का म्हणाल्या, "भांडा नंतर. माझा हात सुटायलाय."

इवायांचं तोंड पांढरं पडलं होतं. घाम कानात जात होता. पण डोळा नळीतल्या पाण्यावरून हलला नाही. पुढचं नाक वर आलं, तशी डावी बाजू खाली दिसायला लागली. डाव्या चाकाखाली फळी सारायची म्हणजे चाक उचलायचं, आणि चाक उचलायचं म्हणजे एक दगड काढायचा. जावई थांबला. "बाबा, ऱ्हाऊ द्या. एवढं चालंल."

"तिला चालतंय का इचार."

जावयानं विचारलं नाही. मी विचारलं. अक्का बारीक आवाजात म्हणाल्या, "भिताडाकडं घसरल्यागत हुतंय."

दगड काढला. गाडीनं एक हिसका दिला. मी डोळे मिटले नाहीत, कारण नळीतलं पाणी बघायचं होतं. फळी गेली, दगड परत बसला, आणि माझ्या टोकातलं पाणी हळूहळू वर चढून खुणेवर येऊन थांबलं. इवाई म्हणाले, "किती?" मी म्हणाले, "खुणेला." "नीट बघा." "चौथी शिकलेय म्या इवाई, रेघ दिसती मला." तेव्हा त्यांनी डोकं मुरमावर टेकलं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बैलगाडी असती तर बसली असती खाली. चाक लावायची अवदसा मलाच आठवली." स्वतःची चूक त्यांनी माझ्यापुढं कबूल केली ती एवढीच.

पिकअप आली. जावई आणि ड्रायव्हरनं त्यांना उचललं. घरगाडीच्या दाराशी येताच इवाई म्हणाले, थांबा. आत बघून विचारलं, "आता?" अक्का उताण्या पडल्या होत्या, दोन्ही हात सोडून, पोटावर ठेवून. "आता बरं हाय. जावा तुमी." मग तिघंही पिकअपमधून दवाखान्याला गेले.

आम्ही दोघीच राहिलो. अक्का काचेतून बघत होत्या. पाण्यात हात दाखवून सांगत होत्या, इथं चिंच होती, तिथं विहीर, त्या पलीकडं गोठा. मला नुसतं पाणी दिसत होतं, पण मी हं हं म्हणत होते. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "सळई घातल्यापासनं डोळा मिटला की पडायलेय असं हुतंय. खाट जरा कलली तरी. डाक्टरला सांगितलं न्हाय, हसतेल. ह्यांनाच सांगितलं हुतं, पहिल्या दिशी." मला ती वर्तमानपत्राची घडी आठवली आणि दवाखान्याबाहेर मी काय काय बोलले तेही. अक्कांकडं वळले तर त्या झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, बायका माहेरी झोपतात तशा.

इवायांच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. आता चालताना ते उजवीकडं कलतात, आणि त्यावर कुणी बोललेलं त्यांना खपत नाही. मी बोलते.

त्या दिवशी तळ्याकाठी आम्ही चौघं होतो आणि चौघंही वाचलो. अक्का त्यानंतर दीड वर्ष जगल्या. आता इवाई आहेत, जावई आहे आणि मी आहे.